चकती क्रमांक सात

दुपारी अडीचला ऑपरेशन थिएटरातून डबा आला.
बर्फात, मुठीएवढं फुफ्फुस.
लेबलवर एवढंच: स्त्री, सदुसष्ट.
गाठीपासून लांबचा, निरोगी तुकडा.
रायली अशा तुकड्यांना नाव देत नाही.
एकदा दिलं होतं, तर पात्यापाशी हात अडला.

तिनं नळ्यांतून कोमट अगार भरलं, गोठू दिलं,
आणि कांद्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या काढल्या.
प्रत्येकीच्या मधोमध एक भोक,
सुईच्या नेढ्याएवढं.
हीच ती वाट. इथूनच यायचा-जायचा
त्या बाईचा सगळा श्वास.

रात्रभर चकत्या भिजत पडल्या
दुसऱ्याच कुणाच्या रक्तद्रवात.
त्याला बर्चचा पराग सोसत नाही,
एवढीच त्याची ओळख.
त्याचं वैर हिच्या मांसात मुरलं,
लोणच्यात मीठ मुरावं तसं.
कुओपिओत अशीही सोयरीक जुळते
एकमेकांचं तोंड न पाहिलेल्यांची.

सकाळी तळ्यावरचा बर्फ काळा पडलेला,
खिडकीबाहेर बर्चचे तुरे लोंबत होते.
रायलीनं परागाच्या अर्काचा थेंब सोडला
आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.
भोक आकसलं. थोडंसंच.
अनोळखी माणसानं दार ठोठावल्यावर
आपण कडी चाचपावी, तेवढंच.

मग सातव्या चकतीला तिनं
प्लॅटिनमच्या तारांतून आधी वीज दिली,
अगदी हलकी, मज्जातंतूंना कळेल इतकीच,
आणि मग तोच थेंब.

भोक मिटलं.
म्हाताऱ्या माणसाचं तोंड
बोलता बोलता मिटावं, तसं.

मेंदू तर केव्हाच मागे राहिला.
ती बाई वरच्या मजल्यावर
गुंगीतून उठून पाणी मागत असेल.
पण तंतूंची तुटकी टोकं इथं आहेत, जागी,
धनी गेला तरी अंगण न सोडणाऱ्या
कुत्र्यांसारखी.
इशारा मिळाला की भुंकतात,
आणि शेजारच्या पेशी, आधीच बिथरलेल्या,
आपापल्या पोतड्या उपड्या करतात.

वीज न देता: एकवीस टक्के.
वीज देऊन: अठ्ठावन्न.
तंतूंचा निरोप अडवणारं औषध घालून: चोवीस.
रायलीनं आकडे लिहिले.
चोवीसखाली रेघ मारली, मग उगाच दुसरी.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर. ताइस्तो नऊ वर्षांचा.
वडिलांचा लाकडांचा ट्रक वळणावर गिअर बदलायचा
आणि भावाच्या छातीत मांजर घुरघुरायला लागायचं.
मे महिन्यात जास्त. पण ट्रक आला की हमखास.
तालुक्याच्या डॉक्टरनं नळी कानातून काढून सांगितलं,
फुफ्फुसं ठणठणीत आहेत.
सगळं याच्या डोक्यात आहे.
त्या दिवसापासून वडील म्हणायचे,
डोक्यातलं आहे ना? मग डोक्यातच ठेव.
आणि तो ठेवायचा.
उशीत तोंड खुपसून, ओठ निळे होईस्तोवर
ठेवायचा.

परवा त्याचा औलूहून फोन आला होता.
साठी जवळ आली, तरी अजून
कुठल्याही खोलीत दाराजवळची खुर्ची धरतो.
तुमच्याकडे पराग सुरू झाला का, त्यानं विचारलं.
ती म्हणाली, व्हायचाय.
बाकीचं राहूनच गेलं.

आता काय सांगायचं त्याला?
की मी आज एक फुफ्फुस पाहिलं,
त्याला वडील नव्हते, ट्रक नव्हता,
डोकं तर नव्हतंच, ताइस्तो.
तरी त्याला भीतीसारखं काहीतरी येत होतं,
आणि ते खोटं नव्हतं,
मोजता येत होतं.

तिनं वीज बंद केली. चकती धुतली, एकदा, दोनदा.
नियमाप्रमाणे इथं प्रयोग संपतो,
दिवा मालवून निघायचं.
रायली बसून राहिली.
बऱ्याच वेळानं भोक किंचित किलकिलं झालं.
पूर्ण नाही.
तिच्या लक्षात आलं,
आपणही मघापासून श्वास घेतलेला नाही.